वृद्धाश्रमातले सणवार

काही वर्षांपूर्वी दिवाळीत कॉलेजची वीस-पंचवीस मुलंमुली घेऊन मी एका वृद्धाश्रमात गेलो होतो. फराळाचे डबे, आकाशकंदील, पेटी-तबला असा सगळा सरंजाम बरोबर होता. आजी-आजोबांना खुर्च्यांवर ओळीने बसवले होते. मुलींनी अंगणात रांगोळी काढायला घेतली. पहिल्या ओळीतल्या एक आजी, वय ऐंशीच्या पुढचे, बराच वेळ टक लावून पाहत होत्या. शेवटी न राहवून म्हणाल्या, "पोरी, तिसऱ्या ओळीत एक ठिपका कमी पडलाय गं." मुलीने ठिपका घातला, हसून 'थँक्यू आजी' म्हटले आणि पुढची रेघ ओढली. रांगोळीची वाटी आजींच्या हाती द्यावी असे तिला सुचले नाही. मलाही सुचले नाही. सुचले ते परतीच्या एसटीत, आणि मग रात्रभर टोचत राहिले.

मनाला काही टोचले की जुन्या नोंदी चाळायच्या, ही आम्हा इतिहासवाल्यांची खोड. वृद्धांना संस्थेत सांभाळण्याची चाल आपल्या गावाकडे अजून तशी नवीच आहे. इंग्लंडात मात्र तिला शतके लोटली, आणि ते लोक नोंदी ठेवण्यात मोठे चिकट. तेव्हा आज थोडा वेळ तिकडे जाऊ.

लंडनमध्ये थेम्स नदीच्या काठी चेल्सी नावाचा भाग आहे. तिथे राजा दुसरा चार्ल्स याने १६८२ साली म्हाताऱ्या आणि जायबंदी शिपायांसाठी एक आश्रयस्थान स्थापन केले. हाच तो चार्ल्स, ज्याला पोर्तुगालची राजकन्या करून मुंबई बेट आंदण मिळाले! इमारत बांधली ख्रिस्तोफर रेन या नामांकित वास्तुकाराने. पहिले शिपाई राहायला आले १६९२ साली. नाव 'रॉयल हॉस्पिटल', पण तेव्हा हॉस्पिटल म्हणजे दवाखाना असाच अर्थ नव्हता. निवारा हाही होता. खोल्या आरंभी जेमतेम सहा फूट लांब नि सहा फूट रुंद. आपल्याकडच्या माजघरातल्या कोनाड्याहून थोड्या मोठ्या म्हणा ना!

पण या घराला त्याचे स्वतःचे वर्ष होते, आणि आजही आहे. १६५१ साली वूस्टरच्या लढाईत हा चार्ल्स हरला आणि पाठलाग चुकवण्यासाठी एका ओकच्या झाडात लपून बसला. पुढे १६६० साली तो गादीवर परत आला. २९ मे रोजी, म्हणजे त्याच्या वाढदिवसालाच, त्याने लंडनमध्ये प्रवेश केला. त्याची आठवण म्हणून दर वर्षी त्या सुमारास चेल्सीच्या चौकातला त्याचा पुतळा ओकच्या डहाळ्यांनी झाकून टाकतात. म्हातारे शिपाई लाल कोट चढवतात, छातीवर ओकची पाने खोचतात आणि संचलन करतात. राजघराण्यातले कुणी किंवा दुसरा बडा पाहुणा पाहणीला येतो, आणि शिपाई आपल्या राजाच्या नावाने तीनदा जयघोष करतात. आपल्या दसऱ्याच्या आपट्याची आठवण यावी असा हा थाट. हिवाळ्यात नाताळ जवळ आला की चीजचे मोठाले गड्डे भेट येतात, आणि त्यांतला एक गड्डा एक म्हातारा शिपाई तलवारीने कापतो. ही रीत १६९२पासूनची सांगतात.

आता यात पाहण्यासारखे काय? पाहुणा कितीही मोठा असो, पाहणारा तो, आणि करणारे म्हातारे. पाने त्यांच्या छातीवर, तलवार त्यांच्या मुठीत. अर्थात हे शिपायांचे घर, राजाची मर्जी असलेले. बायकांना तर तिथे प्रवेश मिळायला २००९ साल उजाडावे लागले. तेव्हा चेल्सीवरून सगळ्या इंग्लंडची परीक्षा करून चालणार नाही.

कारण सामान्य गरिबाचे म्हातारपण जायचे ते वर्कहाऊसमध्ये. १८३४ साली गरिबांविषयीचा नवा कायदा झाला. मदत हवी ना, मग या आवारात येऊन राहा, असा त्याचा खाक्या. पुरुष एकीकडे, बायका दुसरीकडे. चाळीस-चाळीस वर्षे संसार केलेली जोडपीसुद्धा वेगळी. साठीच्या पुढच्या जोडप्यांना एक खोली मागता येईल अशी तरतूद १८४७ साली झाली खरी, पण ती बव्हंशी कागदावरच राहिली.

आणि सण? नव्या अधिकाऱ्यांनी नाताळचे जादा जेवणही बंद केले. रोजचेच पातळ पेज-पाव त्या दिवशीही! १८४० साली थोडी ढील दिली : कुणा दात्याने स्वतःच्या खिशातून दिले तर चालेल. १८४७ साली सरकारी करातून खर्च करण्यास मुभा मिळाली. मग भिंतींना हिरवे पाले लागले, भाजलेले मांस नि पुडिंग आले. पण त्याबरोबर एक नवीच तऱ्हा सुरू झाली. गावातली प्रतिष्ठित मंडळी बायकांसह ती पंगत पाहायला येऊ लागली. जॉर्ज सिम्स या पत्रकाराने १८७७ साली यावरच एक दीर्घ कविता लिहिली आणि ती घरोघर गाजली. तिच्यातला म्हातारा ते ताट नाकारतो. कारण आदल्या नाताळात त्याची बायको, वर्कहाऊसबाहेर मदत नाकारली गेल्याने, उपाशी मेलेली असते. कवितेत भडकपणा आहे, मान्य. पण त्या ताटावर हक्क कुणाचा, खाणाऱ्याचा की पाहणाऱ्याचा, हा प्रश्न तिने सगळ्या देशापुढे टाकला.

त्याचे एक उत्तर एका बाईंनी शोधले. १८८२ साली लेडी ब्रेबझन यांनी वर्कहाऊसमधल्या दुबळ्या, कामाला न जाणाऱ्या माणसांसाठी विणकाम-भरतकामाचे सामान पुरवण्याची योजना काढली. केलेल्या वस्तू विकायच्या आणि आलेल्या पैशातून पुन्हा लोकर, दोरा घ्यायचा. भाषणे नाहीत, पाहुणे नाहीत. मला स्वतःला या सगळ्या इतिहासात ही लोकरीची गुंडी फार मोलाची वाटते. पुढे १८९०च्या दशकात म्हाताऱ्यांना तंबाखू आणि बायकांना चहाची कोरडी पत्तीही मिळू लागली. म्हणजे आपला चहा आपण, आपल्या वेळेला करून घ्यावा! हसू नका, मंडळी. ज्याच्या हातून चूल गेली त्यालाच या पत्तीची किंमत विचारा.

वर्कहाऊसची पद्धत १९४८च्या कायद्याने कायमची मोडली. पण १९६२ साली पीटर टाउनसेंड या समाजशास्त्रज्ञाने इंग्लंड-वेल्समधल्या १७३ वृद्धगृहांना भेटी देऊन ग्रंथ लिहिला, तेव्हा अनेक म्हातारे त्याच जुन्या इमारतींत राहत होते. पोटाला होते, अंथरूण होते. पण भिंतीला लावलेल्या खुर्च्यांवर ओळीने बसलेली, हाताला काही उद्योग नसलेली माणसे त्याला पुन्हा पुन्हा दिसली. ते वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आमच्या दिवाळीची पहिली ओळ उभी राहिली.

पुढच्या संक्रांतीला आम्ही लाडू नेले नाहीत. तीळ, गूळ, दाणे आणि एक मोठी कढई नेली. आश्रमाच्या व्यवस्थापकांनी जरा कुरकुर करून स्वयंपाकघर उघडून दिले. आजोबा मंडळी तीळ निवडायला बसली. रांगोळीवाल्या आजींनी गुळाची ढेप हातात घेऊन पहिला प्रश्न केला, "चिकीचा की साधा?" मला कुठले कळायला! साधा निघाला. त्यावर दुसऱ्या एक आजी म्हणाल्या, साधाच बरा, चिकीच्या गुळाने दात पडतात. "तुम्हाला आहेत कुठं?" असा लगेच जबाब आला. पाकाचा थेंब पाण्यात टाकून गोळी होते का ते चौघींनी चार वेळा पाहिले, आणि तेवढ्यात पाक पुढे गेला. लाडू दगडासारखे झाले. दोष गुळाचा, जाळाचा की मध्येच ढवळणाऱ्या माझा, यावर जो वाद पेटला, तो आमची गाडी सुटायची वेळ झाली तरी मिटला नव्हता.