रिकाम्या पुंगळीचा इतिहास

मराठीत ‘काडतूस’ आणि आमच्या दखनीत ‘कारतूस’. शब्द युरोपातल्या दर्यावर्द्यांबरोबर आला आणि इथलाच होऊन गेला. काडतूस म्हटलं की आपल्याला १८५७ आठवतं. मेरठच्या तिसऱ्या घोडदळातल्या ८५ स्वारांनी, हिंदूंनी आणि मुसलमानांनी मिळून, जी काडतुसं हातात घ्यायला नकार दिला, ती कागदाची होती. एकदा फाडली की संपली. पुढच्या दहा वर्षांत काडतूस धातूचं झालं आणि एक नवाच प्रश्न उभा राहिला. गोळी गेली, दारू जळाली, पण पितळेची पुंगळी शाबूत उरली. आता तिचं काय करायचं?

ही पुंगळी म्हणजे काडतुसाचा सर्वांत महाग भाग. ती पुन्हा भरता आली तर खर्च निम्म्यावर येतो. पण ती भरता येईल की नाही, हे ठरलं १८६६ मध्ये. त्या वर्षी इंग्लंडचे कर्नल बॉक्सर आणि अमेरिकेचे हायरम बर्डन या दोघांनी दारू पेटवणाऱ्या टोपीची, म्हणजे प्रायमरची, आपापली रचना पुढे आणली. बॉक्सरच्या पुंगळीच्या तळाला मधोमध एकच भोक. आतून सुई घातली की जळालेली टोपी सहज बाहेर पडते. बर्डनच्या पुंगळीत भोकं बाजूला, त्यामुळे टोपी काढणं जिकिरीचं. गंमत अशी की, इंग्रजाची रचना अमेरिकेने उचलली आणि अमेरिकनाची युरोपात रुजली. म्हणून घरी काडतुसं भरण्याचा नाद खऱ्या अर्थाने फोफावला तो अमेरिकेत.

तिथल्या या काटकसरीची पहिली मोठी कहाणी मात्र सुखाची नाही. १८७०च्या दशकात बायसनचे शिकारी माळरानावर तळ टाकून बसत. दिवसभर गोळ्या झाडायच्या आणि रात्री शेकोटीजवळ शिसं वितळवून त्याच पुंगळ्या पुन्हा भरायच्या. पुंगळी परत परत भरत राहिली आणि कळप रिकामे होत गेले. जिथे कोट्यवधी बायसन होते, तिथे १८८९ पर्यंत मोजून हजारभर उरले.

१८८४ मध्ये कनेक्टिकटमधल्या न्यू हेवन इथे जॉन बार्लो यांनी ‘आयडियल’ कंपनी काढली. तिचं अवजार सांडशीसारखं होतं. खिशात मावेल असं, आणि त्यातच काडतूस भरण्याची सगळी सोय. त्याच वर्षी फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी धूररहित दारू तयार केली. या दारूचा दाब काळ्या दारूपेक्षा फार मोठा. बार उडाला की पुंगळी फुगून रायफलीच्या कोठीला चिकटून बसते आणि थंड झाल्यावरही पूर्वीच्या मापावर येत नाही. तिला पुन्हा मापात बसवण्यासाठी लागतो पोलादी साचा. कारखान्यातल्या भाषेत ‘डाय’.

डाय निवडताना शिकाऱ्यापुढे दोन वाटा असतात. एक साचा पुंगळीची फक्त मान आवळतो, गोळी धरण्यापुरती. बाकीचं अंग ज्या रायफलीत फुगलं, तिच्याच मापाचं राहतं. पितळ कमी ताणलं जातं, नेमही चांगला साधू शकतो. पण ती पुंगळी त्याच एका रायफलीची होऊन जाते. दुसरा साचा सबंध पुंगळी आवळतो. ती त्या जातीच्या कुठल्याही रायफलीत विनातक्रार बसते. आपोआप भरणाऱ्या किंवा तरफेने चालणाऱ्या रायफलीला हाच साचा हवा. जंगलात, जनावर समोर असताना काडतूस कोठीत अडकलं तर अचूक नेमाचा काय उपयोग? म्हणून निशाणेबाज पहिल्या साच्याकडे झुकले आणि शिकारी बहुधा दुसऱ्याकडे. मात्र सबंध आवळणारा साचा गरजेपेक्षा जास्त खाली बसवला, तर पुंगळीचा खांदा मागे ढकलला जातो. मग दर बाराला पितळ तळाजवळ ताणत जातं आणि एक दिवस पुंगळी तुटते.

दुसऱ्या महायुद्धात सगळा दारूगोळा सैन्याकडे गेला. शिकाऱ्यांना गोळ्या मिळेनात. १९४३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावी फ्रेड हंटिंग्टन यांनी एक साचा तयार केला. छोट्या बावीस बोअरच्या वापरलेल्या पुंगळ्या दाबून त्यातून गोळ्यांची आवरणं करणारा. रॉक चक नावाच्या प्राण्याच्या शिकारीसाठी त्या गोळ्या होत्या. त्यावरूनच ‘आरसीबीएस’ हे कंपनीचं नाव पडलं. पुढे या धंद्यात एक शहाणपणाची गोष्ट घडली. पाऊण इंचाहून थोडा जाड, सात अष्टमांश इंचाचा आणि इंचाला चौदा आटे, असं डायचं माप रूढ झालं. आज एका कंपनीची डाय दुसरीच्या प्रेसमध्ये बसते. एकमेकांचे स्पर्धक निदान आट्यांवर तरी एकमत झाले.

आपल्या देशाचा या गोष्टीशी संबंध येतो तो सरकारच्या धास्तीतून. फौजेच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली .४५० बोअरच्या होत्या. शिकारीच्या काडतुसातली त्याच मापाची गोळी काढून कुणी बंडखोर त्या रायफलीची पुंगळी भरेल, या भीतीने इंग्रज सरकारने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात त्या बोअरच्या शिकारी रायफलींवर बंदी घातली. मग विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी .४६५ आणि .४७० अशी नवी मापं काढली. रिकाम्या पुंगळीला साम्राज्यही भीत होतं! पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यांनी आपल्याकडे शिकारीचं दार बंद झालं. ते योग्यच झालं.

आम्हा कवींच्या जगात ‘साचेबद्ध’ ही शिवी आहे. इथे मात्र साचा हा माणसाच्या हाताला धाक आहे. या कामात मुरलेले लोक प्रत्येक पुंगळी उजेडात धरून पाहतात. तळाच्या थोडं वर चकाकती रेघ दिसली, की पितळ तिथे झिजलंय हे ते ओळखतात आणि ती पुंगळी फेकून देतात. कितीही काटकसर केली तरी थांबायचं कुठे, हे त्यांना ती रेघ सांगते. माळरानावरच्या शेकोटीपाशी अशी रेघ कुणी शोधली नव्हती.