फोटोतला फौजी कोण?

जुन्या फोटोतला माणूस कोण हे ठरवायचं असेल तर चेहऱ्याकडे शेवटी बघावं. एका घराण्यात नाक-डोळे सारखेच असतात. आजोबा, त्यांचे भाऊ, काका, सगळे एकाच साच्यातले. कपडे मात्र आपला काळ सांगतात. आम्हा फौजींना हे जरा लवकर जमतं. खडकवासल्याला तीन वर्षं रोज टर्नआउटची तपासणी झाली की समोरच्याचं बकल आधी दिसतं, माणूस नंतर!

साध्या कपड्यांवरून काळ ढोबळच कळतो. फोटोत गांधी टोपी असेल तर तो १९१९-२० च्या आधीचा नाही, एवढं म्हणता येतं. त्यानंतर किती वर्षांनी काढला, ते टोपी सांगत नाही. म्हातारी माणसं तरुणपणीचीच पगडी शेवटपर्यंत घालतात, स्टुडिओवाला कोट उसना देतो, नथ सासूकडून सुनेकडे जाते. म्हणून ग्रुप फोटोत सगळ्यात तरुण माणसाचे कपडे आधी बघावेत. थोडक्यात, 'याच्या आधीचा नाही' हे कपडा सांगतो. 'याच्या नंतरचा नाही' हे क्वचितच.

गणवेशाचं तसं नाही. तो हुकमाने बदलतो, आणि हुकमाला तारीख असते.

गढवालमध्ये पोस्टिंग असताना याचा चांगला प्रत्यय आला. तिथल्या ३९ गढवाल रायफल्सच्या दोन पलटणी १९१४ च्या ऑक्टोबरात फ्रान्सला उतरल्या. नोव्हेंबरात फेस्टुबर्टला दरवान सिंग नेगींनी आणि १० मार्च १९१५ ला न्यू शापेलला गबर सिंग नेगींनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. गबर सिंग त्याच दिवशी पडले. माणसं इतकी खर्ची पडली की काही काळ दोन्ही पलटणी मिळून एकच करावी लागली. या कामगिरीबद्दल १९२१ मध्ये रेजिमेंटला 'रॉयल' किताब मिळाला. त्याबरोबर उजव्या खांद्यावर पिळाची लाल दोरी आणि खांद्यावरच्या बिल्ल्यात राजमुकुट आला. १९५० मध्ये देश प्रजासत्ताक झाला तेव्हा किताब आणि मुकुट गेले, दोरी राहिली. म्हणजे फोटोत दोरी दिसली तर तो १९२१ नंतरचा. दोरीबरोबर मुकुटही असेल तर १९२१ ते १९५० मधला. दोरी लाल आहे म्हणून फोटोत ती उजळ शोधू नका. त्या काळच्या बऱ्याच फिल्मला लाल रंग दिसत नसे. फोटोत तो काळपट उमटतो.

दुसरी खूण छातीवरच्या रिबनची. १९१४ चा स्टार १९१७ मध्ये मंजूर झाला, वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल १९१९ मध्ये. १९१५ ला पडलेल्या जवानाची मेडलं त्याच्या घरी आली, त्याच्या छातीवर कधीच लागली नाहीत. ती तीन रिबनं ज्याच्या छातीवर दिसतात, तो परत आलेला माणूस.

पौडीकडच्या एका गावात एका निवृत्त सुभेदारसाहेबांच्या तिबारीत असा एक फोटो होता. आजोबांचे थोरले भाऊ न्यू शापेलला पडले, त्यांचा म्हणून दर १० मार्चला त्याला हार घालत. "साहब, ये कौन से साल की होगी?" त्यांनी विचारलं. मी फोटो उजेडात नेला. उजव्या खांद्यावर काळपट दोरी, बिल्ल्यात मुकुट, छातीवर तीन रिबनं. सांगावं की नाही, हा विचार मनात आलाच. पण प्रश्न त्यांनीच विचारला होता, आणि सुभेदाराला अर्धवट उत्तर देऊन चालत नाही. एकेक खूण दाखवत गेलो. तिसऱ्या खुणेला तेच म्हणाले, "तो ये दादाजी हैं."

थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग म्हणाले, "मतलब बड़े दादाजी की कोई फोटो ही नहीं है."

नव्हतीच. पहाडातून भरती होऊन थेट जहाजावर चढलेल्या पोराचा फोटो कोण काढणार? ज्यांची कबर किंवा चिता माहीत नाही अशा ४,७०० हून अधिक भारतीय सैनिकांची नावं न्यू शापेलच्या स्मारकावर आहेत. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी इंटरनेटवर आहे, आणि तीत बरेचदा वडिलांचं व गावाचं नावही मिळतं. त्या रात्री आम्ही दोघांनी शोधलं. गाव जुळलं, वडिलांचं नाव जुळलं. सुभेदारसाहेबांनी ती नोंद छापून फोटोशेजारी लावली. आता १० मार्चला हार त्या कागदाला असतो. आजोबा शेजारी आहेत, स्वतःच्या नावाने.

तुमच्याही घरात असा फोटो असेल तर फ्रेममधून जपून काढा. मागे स्टुडिओचा शिक्का आहे का बघा. मग खांदे, छाती, बिल्ले, टोपी. आणि घरात ऐंशीच्या पुढचं कोणी असेल तर नावं याच आठवड्यात विचारून घ्या. मागच्या बाजूला, मऊ पेन्सिलने लिहा; शाई पुढे उमटते.