कायाकची शाकारणी: पाणी बाहेर ठेवण्याच्या धडपडीचा इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी अवतार.

आठवडाभर मी कोड लिहितो आणि जमेल त्या शनिवारी कोलाडला कुंडलिका नदीत कायाक चालवतो. आमच्या ग्रुपमध्ये दर पावसाळ्यात एक वाद ठरलेला असतो. कुणाचं तरी पॅडलिंग जॅकेट चार-पाच वर्षांचं झालेलं असतं. पाण्याचे थेंब आता त्यावरून घरंगळत नाहीत, कापडात मुरतात. खांद्यावर काळपट ओले डाग पडतात आणि आत गारठा लागतो. मग कुणीतरी म्हणतं, "गेलं हे, नवीन घे." दुकानात विचारलं तर तेच उत्तर मिळतं, फक्त सोबत दहा-पंधरा हजारांची किंमतही सांगतात.

पण खरंच गेलेलं असतं का ते? हे कळायला इतिहासात बरंच मागे जावं लागतं. चला तर मग.

सुरुवात अर्थातच आर्क्टिकमधून. कायाक हा शब्दच इनुइट लोकांच्या 'काजाक'वरून आलाय. वाहून आलेल्या लाकडाचा आणि हाडांचा सांगाडा, आणि त्यावर ताणून शिवलेलं सीलचं कातडं. तिथल्या पाण्यात माणूस भिजला तर काही मिनिटांत हातपाय काम करेनासे होतात. म्हणजे शिवण गळली तर शिकारी घरी परत येईलच याची खात्री नाही. ही शिवण घालायच्या बायका. त्यांची युक्ती बघा: सुई कातडीच्या आरपार जाऊच द्यायची नाही, अर्ध्या जाडीतूनच फिरवायची आणि दोन ओळींत शिवायचं. धागा प्राण्याच्या स्नायूतंतूचा. तो ओला झाला की फुगतो आणि सुईचं भोक स्वतःच बुजवतो. अलास्काजवळच्या बेटांवरचे उनांगन लोक तर सी लायनच्या आतड्यांच्या पट्ट्या जोडून पारदर्शक, पिसासारखे हलके अंगरखे करायचे. ग्रीनलँडचा 'तुइलिक' हा अंगरखा चेहऱ्याभोवती, मनगटांवर आणि कायाकच्या तोंडाभोवती आवळून बांधायचे. माणूस आणि होडी मिळून एकच बंद डबा! आजचा ड्रायटॉप आणि स्प्रेस्कर्ट याच कल्पनेचे वंशज आहेत.

आता मुद्द्याची गोष्ट. यातलं काहीच कायमचं वॉटरप्रूफ नव्हतं. कातडी होडी काही दिवस सतत पाण्यात राहिली की पाणी पिऊन जड व्हायची. मग ती किनाऱ्यावर काढायची, वाळवायची, पुन्हा चरबी-तेल चोळायचं. आतड्याचा अंगरखा वाळून कडक झाला की घालण्याआधी ओलसर करून मऊ करायचा. ही कामं वापराचाच भाग होती.

आपल्याला हे नवीन नाही. कोकणात पावसाच्या तोंडावर घर शाकारतात, कौलं उतरवून, फुटकी बदलून पुन्हा रचतात. कौलं बदलायची वेळ आली म्हणून कुणी घर पाडत नाही. हा शाकारणी शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता ग्लासगोला जाऊ. १८२३ साली चार्ल्स मॅकिंटॉश या रसायनतज्ज्ञाने एक पेटंट घेतलं. डांबरातून मिळणाऱ्या नाफ्थात रबर विरघळवायचं आणि ते दोन कापडांच्या मध्ये लावायचं, अगदी सँडविचसारखं. पाणी अडलं, पण थंडीत कोट कडक व्हायचा, उन्हात चिकट व्हायचा आणि वास तर विचारूच नका. शिंप्याने सुई घातली की तिथूनच गळती सुरू. पुढे अमेरिकेत चार्ल्स गुडइयरने १८३९मध्ये रबर आणि गंधक एकत्र तापवण्याची पद्धत शोधली आणि इंग्लंडमध्ये थॉमस हॅनकॉकने १८४३मध्ये तिच्यासाठी पेटंटचा अर्ज केला. या व्हल्कनायझेशनमुळे रबर उन्हाथंडीत टिकू लागलं.

याच रबराने कायाकला दुसरा जन्म दिला. जर्मनीतल्या रोझेनहाइममध्ये योहान क्लेपर नावाच्या शिंप्याने १९०७मध्ये घडीच्या कायाकचं डिझाइन विकत घेतलं. लाकडी सांगाडा तसाच राहिला, कातड्याच्या जागी रबर चढवलेलं कापड आलं. होडी पिशवीत भरा आणि रेल्वेने नदीवर जा! अशाच एका क्लेपर कायाकमधून हान्नेस लिंडेमान या डॉक्टरने १९५६मध्ये एकट्याने ७२ दिवसांत अटलांटिक पार केला. खलाशी आणि कोळी तोवर जवसाचं तेल किंवा मेण लावलेले कोट वापरत होते. आपलं मेणकापड त्याच कुळातलं. मेण उडालं की पुन्हा लावायचं, इतका साधा हिशेब होता.

मग आली फ्लोरिनची जादू. १९३८मध्ये ड्युपाँटच्या रॉय प्लंकेटला अपघाताने टेफ्लॉन सापडलं. १९६९मध्ये बॉब गोरने ते तापवून झटक्यात ताणलं आणि सूक्ष्म छिद्रांचा पडदा तयार झाला. घामाची वाफ त्यातून बाहेर जाते, पाण्याचा थेंब आत येत नाही. हेच गोअर-टेक्स.

पण जॅकेटवरून थेंब घरंगळतात ते या पडद्यामुळे नाही. बाहेरच्या कापडावर वेगळा, अतिशय पातळ रासायनिक लेप असतो. आपल्या जॅकेटचा झिजतो तो बहुतेक वेळा हाच. बाहेरचं कापड भिजलं की घामाची वाफ बाहेर जायला वाट उरत नाही. आपण आतून आपल्याच घामाने ओले होतो आणि म्हणतो, जॅकेट गळतंय!

या लेपासाठी अनेक वर्षं लांब साखळीची फ्लोरिन रसायनं वापरली गेली. ती पाणी अडवतात, तेल अडवतात, आणि निसर्गात जवळपास विघटित होत नाहीत. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गजवळ टेफ्लॉनच्या कारखान्यात पीएफओए हे याच कुटुंबातलं रसायन वापरलं जायचं. १९९८मध्ये तिथल्या एका शेतकऱ्याने रॉब बिलॉट या वकिलाला गाठलं, कारण ओढ्याचं पाणी पिणारी त्याची गुरं मरत होती. 'डार्क वॉटर्स' हा सिनेमा याच लढ्यावर आहे. पुढे सुमारे ६९ हजार लोकांची तपासणी झाली आणि शास्त्रज्ञांच्या समितीने पीएफओएचा संबंध मूत्रपिंडाच्या कर्करोगासह सहा आजारांशी असण्याची शक्यता नोंदवली. २०१९मध्ये पीएफओए स्टॉकहोम कराराच्या यादीत गेलं. २०२५च्या सुरुवातीपासून कॅलिफोर्नियाने बहुतेक नव्या कपड्यांत पीफास कुटुंबातल्या रसायनांवर बंदी घातली.

मला इथे खरा पेच दिसतो. आम्ही नदीत जातो ते नदी आवडते म्हणून. आणि नदीपासून वाचवणारा लेप धुपून जातो तो नदीतच. इनुइट बाईने चोळलेली चरबी समुद्राने पचवली. आपला लेप पचवायला पाण्याकडे काही उपाय नाही. शाकारणीचा कंटाळा आपण केला आणि त्याचं बिल पाण्याच्या नावावर फाडलं.

म्हणून आता शाकारणी. आधी निदान करा. जॅकेटवर पाणी शिंपडा. थेंब मुरले, पण आतला थर शाबूत असेल, तर फक्त लेप गेलाय. आतला थर पापुद्र्यासारखा सुटत असेल किंवा चिकट झाला असेल, तर पॉलियुरेथेन दमटपणाने कुजलंय. तिथे लेप लावून उपयोग नाही.

लेप गेला असेल तर जॅकेट सौम्य साबणाने धुवा, फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको. मीठ, सनस्क्रीन, घाम निघाला पाहिजे. भरपूर पाण्यात खळबळून वाळवा आणि लेबलवर चालतं असं लिहिलं असेल तर हलकी उष्णता द्या. पुष्कळदा तेवढ्यानेच जुना लेप जागा होतो. नाहीच झाला तर फ्लोरिन नसलेला लेप घ्या, स्प्रेचा किंवा धुताना घालायचा. तो तेल तितकंसं अडवत नाही, लवकर पुन्हा लावावा लागतो. चालेल की! शिवणीवरची टेप सुटली असेल तर जुनी काढून तिथे सीम सीलर लावा आणि रात्रभर वाळू द्या. मनगटाच्या लेटेक्स पट्ट्यांना तेलकट काही लागू देऊ नका. आणि खाऱ्या पाण्यातून आलात की सगळं गोड्या पाण्याने धुवा.

सगळं मिळून एका रविवारची दुपार जाते. आमच्या ग्रुपने आता मे महिन्यातला एक रविवार यासाठीच ठेवलाय. बादल्या, दोऱ्या, चहा आणि गप्पा.

तुमच्याकडे 'गेलेलं' समजून माळ्यावर टाकलेलं एखादं जॅकेट असेल, तर ते खाली काढा आणि त्यावर वाटीभर पाणी ओतून बघा. काय झालं ते आम्हाला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!