धातूचा कण आणि उष्णतेची आकृति

अंबरनाथच्या शिवालयांत शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख आहे. तें देऊळ घडविणाऱ्या शिल्पकारांनीं नको तेवढा दगड छिनून टाकला. दगडाची आंतली घडण मात्र त्यांना बदलतां येण्याजोगी नव्हती. याच गांवच्या आयुधनिर्माणींत काडतुसांचें पितळ तयार होत आलें आहे. तेथील कारागिरी नेमकी त्या आंतल्या घडणीवर चालते.

धातु दिसावयास एकसंध, पण असतो असंख्य स्फटिककणांचा. ते किती बारीक आणि कोणत्या दिशेनें वाढलेले, यावर त्याचें बळ पुष्कळसें अवलंबून असतें. शेफील्डच्या हेन्‍री सॉर्बीनें १८६३-६४ च्या सुमारास पोलादाचा तुकडा घासून, आम्ल लावून सूक्ष्मदर्शकाखालीं धरला, तेव्हां ही घडण प्रथम नीट दिसली.

तिच्याकडे दुर्लक्ष केल्यास काय होतें, हें हिंदुस्थानांतच कळलें. इंग्रजी फौजेच्या काडतुसांचीं पितळी कवचें पावसाळ्यांत नुसतीं ठेवल्याठेवल्या चिरूं लागलीं. पितळ ओढून घडवितांना त्यांत कोंडलेला ताण, दमट हवा आणि पागांतील अमोनिया या तिहींचें तें कर्म होतें; भेग कणांच्या सांध्यांतून धांवे. १९२१ च्या सुमारास इंग्लंडांतील संशोधकांनीं त्याचा उलगडा केला. उपाय साधा होता : घडविलेलें पितळ मंद आंचेवर तापवावें, ताण निघून जातो आणि कठीणपणा टिकतो.

आतां धातूची भुकटी लेसरनें थरावर थर वितळवून वस्तु उभी करण्याची विद्या आली आहे. नेहमींचा किरण मध्यभागीं प्रखर, कडेस मंद असतो. वितळलेल्या ठिपक्यांतून उष्णता झपाट्यानें खालीं ओसरते आणि कण तिच्या उलट दिशेनें, थर ओलांडून, खांबांसारखे वाढतात. अशा वस्तूचें बळ सर्व दिशांस सारखें नसतें. किरणाला लांबट किंवा कड्याचा आकार दिला, तर उष्णतेची वांटणी बदलते आणि चहूंकडून सारखे कण मिळूं शकतात. अमेरिकेच्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेंतील संशोधकांनीं २०१७ त लंबवर्तुळाकार किरणानें स्टेनलेस पोलादाची घडण अशी पालटून दाखविली.

घडण आतां धातु थिजण्याच्या क्षणींच ठरवितां येऊं लागली, हा लाभ मोठा खरा. तरीही झटकन थिजलेल्या धातूंत ताण उरतोच, आणि तो घालवावयास बहुधा भट्टीच लागते. अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यांत शिरणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं नवें यंत्र अवश्य शिकावें. परंतु पावसाळ्यांत चिरलेल्या त्या काडतुसांना विसरूं नये, एवढेंच आमचें सांगणें आहे.