ॲपलच्या मॅकबुकवर लिनक्स चालतं का? वाचा ‘असाही लिनक्स’ची गोष्ट

नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने स्वतःची एम१ चिप असलेले लॅपटॉप आणले. तोवर मॅकबुकमध्ये इंटेलची चिप असायची, त्यामुळे त्यावर विंडोज किंवा लिनक्स टाकणं जमून जायचं. एम१ आली आणि प्रोसेसर, ग्राफिक्स सगळंच ॲपलचं झालं. हे भाग आतून कसे चालतात याची माहिती मात्र कंपनीने दिली नाही.

अनेकांना वाटतं, ॲपलने मॅकला कुलूप घातलंय. आयफोनच्या बाबतीत ते खरं आहे. मॅकवर मात्र दुसरी सिस्टीम सुरू करायची सोय ॲपलनेच ठेवली आहे. अडचण होती ती माहितीची.

हेक्टर मार्टिन यांनी लोकांच्या देणग्यांवर ‘असाही लिनक्स’ हा प्रकल्प सुरू केला. (मॅकिंटॉश हे मुळात सफरचंदाच्या एका जातीचं नाव. जपानीत तिला असाही म्हणतात!) त्यांच्या टीमने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि ॲपलचं मॅकओएस त्याच्या आत चालवलं. मॅकओएस हार्डवेअरच्या कुठल्या भागाला काय सांगतं, हे त्यातून टिपून घेतलं. मग त्या नोंदींवरून लिनक्ससाठी ड्रायव्हर लिहिले.

सगळ्यात भारी किस्सा स्पीकरचा. मॅकबुकच्या इवल्याशा स्पीकरमधून एवढा मोठा आवाज येतो, कारण मॅकओएस त्यांना मर्यादेपलीकडे ताणतं. आतली कॉइल किती तापली याचा हिशोब ते सतत ठेवतं आणि वेळेवर आवाज कमी करतं. लिनक्समध्ये हा पहारेकरी नव्हता. नुसता आवाज सुरू केला असता तर स्पीकर जळाले असते. म्हणून स्वतःचा सुरक्षा प्रोग्रॅम तयार होईपर्यंत टीमने स्पीकर मुद्दाम बंदच ठेवले. लोक वैतागले, पण निर्णय बरोबर होता.

जुलै २०२२ मध्ये खुद्द लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स कर्नलची ५.१९ आवृत्ती असाही टाकलेल्या ॲपलच्या लॅपटॉपवरून जाहीर केली. ऑगस्ट २०२३ मध्ये ॲलिसा रोझेनझ्वाइग यांनी लिहिलेला ग्राफिक्स ड्रायव्हर ओपनजीएल ईएस ३.१ या मानकाच्या अधिकृत चाचणीत उतरला. एम१ साठी असं प्रमाणपत्र ॲपलच्या ड्रायव्हरकडेही नव्हतं.

मग तुम्ही टाकावं का? एम१ किंवा एम२ चा मॅक असेल तर डिसेंबर २०२३ मध्ये आलेलं ‘फेडोरा असाही रीमिक्स’ वापरून बघण्यासारखं आहे. टच आयडी विसरा. झाकण लावून ठेवलं तरी बॅटरी मॅकओएसपेक्षा लवकर उतरते. पुढच्या चिपसाठी बरंच काम नव्याने करावं लागतं, त्यामुळे आपलं मॉडेल यादीत आहे का ते आधी तपासा. फेब्रुवारी २०२५ मध्ये मार्टिन बाजूला झाले, आता बाकीची टीम काम पाहते.

आणि हो, बॅकअप घ्या. मॅकओएस पूर्ण उडवू नका, मशीनच्या फर्मवेअरचे अपडेट त्याच्यामार्फतच येतात.