जळालेल्या वेटोळ्याची साक्ष

इतिहासाचे साधन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दप्तरे, ताम्रपट आणि नाणी उभी राहतात. पुण्यातील अभ्यासकाच्या अंगी तर पेशवे दप्तराची सवय इतकी मुरलेली असते की, ज्यावर मोडी अक्षर नाही ते साधनच नव्हे, असा त्याचा समज व्हावा. प्रस्तुत लेखात ज्या साधनाचा विचार करावयाचा आहे ते पिंपरी-भोसरीच्या कारखान्यांतून रोज भंगारात जाते. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राच्या झडपेवर बसविलेले तांब्याच्या तारेचे वेटोळे, हे ते साधन होय. शालेय पाठ्यपुस्तके त्यास ‘नालकुंतल’ म्हणतात, कारागीर ‘कॉईल’ म्हणतो. आँपेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२० नंतरच्या दशकात नळी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘सॉलेनॉइड’ हे नाव पाडले. आपल्या परिभाषाकारांनी नळी तर ठेवलीच, वर केसांच्या बटेचीही भर घातली. कारखान्यात मात्र हा सुंदर शब्द कोणी उच्चारल्याचे ऐकिवात नाही.

झडपेला आज्ञा कोणी द्यावयाची, हा प्रश्न पुण्यास नवा नाही. येथील सायन्स कॉलेजातून १८८३ साली अभियांत्रिकीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्याच्या धरणासाठी स्वयंचलित दरवाजांची योजना केली व १९०३ साली ते तेथे बसविले गेले. पाणी ठराविक पातळीच्या वर चढले की दरवाजे आपोआप उघडत आणि पातळी उतरली की मिटत. तेथे आज्ञा देणारे पाणीच होते. पुढे १९१५ साली टाटांचे खोपोलीचे जलविद्युत् केंद्र सुरू झाले आणि घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी तारेतून वाहू लागले. १९३० पर्यंत कल्याण-पुणे लोहमार्ग १,५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर आला आणि त्याच वर्षी १ जून रोजी दख्खनची राणी धावू लागली. विद्युत्-गाड्यांच्या नियंत्रणात लहानशा विद्युत्-चुंबकाने हवेची झडप उघडावयाची व हवेच्या दाबाने अवजड काम करून घ्यावयाचे, ही युक्ती रूढ होती. हवेच्या जागी तेल घातले की आपल्या विषयाची झडप तयार होते. लहान बळाने मोठ्या बळास हुकूम द्यावयाचा, एवढेच तिचे मर्म.

१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुण्याच्या परिसरात कारखान्यांची दाट वस्ती झाली. यंत्रे आली ती अनेक देशांतून, आणि प्रत्येक यंत्राने आपल्या देशाची वीज वेटोळ्यात गुंडाळून आणली. अमेरिकेत सेकंदास ६० आवर्तनांचा प्रत्यावर्ती प्रवाह, आपल्याकडे व बहुतेक युरोपात ५० आवर्तनांचा. म्हणून वेटोळ्यावरील पट्टी वाचणे हे केवळ दुरुस्तीचे काम नसून वंशावळ वाचण्यासारखे आहे. पट्टीवर ‘११० व्होल्ट ५०, १२० व्होल्ट ६०’ अशा दोन नोंदी असतील तर निर्मात्याने दोन्ही बाजारपेठा डोळ्यांपुढे ठेवल्या होत्या. ६० चीच एक नोंद असेल तर ते वेटोळे येथे परके आहे. दाब तोच ठेवून आवर्तने ६० ची ५० झाली की मुख्यतः प्रवर्तनावर अवलंबून असणारा अडथळा एकषष्ठांशाने घटतो, प्रवाह सुमारे एकपंचमांशाने वाढतो आणि तारेत निर्माण होणारी उष्णता चव्वेचाळीस टक्क्यांच्या आसपास वाढते. असे वेटोळे पहिल्या दिवशी जळत नाही. काही महिने काम करते व मग उन्हाळ्यात एकाएकी जाते. दोष मात्र उन्हाळ्यावर टाकला जातो.

येथे प्रत्यावर्ती आणि एकदिश या दोन जातींचा स्वभावभेद सांगितला पाहिजे, कारण जळालेल्या वेटोळ्याची साक्ष त्यावाचून उलगडत नाही. एकदिश वेटोळ्यातील प्रवाह केवळ तारेच्या रोधावर ठरतो. २४ व्होल्ट व ३० वॅट अशी नोंद असेल तर प्रवाह सव्वा अँपिअर आणि थंड स्थितीतील रोध सुमारे १९ ओहम मिळावयास हवा. आतील लोखंडी दांडा जागेवर पोहोचो वा अडको, प्रवाह तोच राहतो. प्रत्यावर्ती वेटोळ्याचे तसे नाही. दांडा पूर्ण आत बसला म्हणजे प्रवर्तन वाढते व प्रवाह आवरला जातो. तो वाटेत अडकला तर प्रवाह कित्येक पट चढलेला राहतो आणि थोड्या वेळात तारेवरील लेप करपतो. याच कारणाने असे वेटोळे झडपेवरून काढून, आत दांडा नसताना, चाचणीसाठी विजेस जोडणे म्हणजे ते जाणूनबुजून जाळणे होय. तात्पर्य, जळालेले प्रत्यावर्ती वेटोळे पुष्कळदा आरोपी नसून साक्षीदार असते.

भोसरीतील एका कारखान्यात प्रस्तुत लेखकाने पाहिलेली गोष्ट येथे सांगतो. एका दाबयंत्राच्या झडपेचे वेटोळे पंधरा दिवसांत तीनदा बदलले गेले. तिन्ही वेळा दाब, आवर्तने, मोजमाप सारे बरोबर होते. तिन्ही वेळा दुकानदारास दूषणे मिळाली. झडपेच्या टोकाशी हाताने दाबावयाची एक बारीक खुंटी असते, ती दाबून पाहावी असे कोणास सुचले नव्हते. दाबली तेव्हा आतील स्पूल अर्ध्यावरच थांबला. उघडल्यावर त्यावर जुन्या तेलाचा तांबूस चिकट थर आढळला. शिवाय झडप बसविणारे बोल्ट इतके आवळले होते की तिचे अंगच किंचित वाकले होते. थर धुतला, बोल्ट योग्य त्या बळाने आवळले, आणि चौथे वेटोळे टिकले. त्या यंत्राखाली माणसाचा हात जातो. अर्ध्यावर अडकलेला स्पूल म्हणजे केवळ वेटोळ्याच्या किमतीचा प्रश्न नव्हे, हे तेथील फोरमनने आम्हांस न सांगताही कळले.

दोन वेटोळ्यांच्या झडपेत दोघांना एकाच वेळी वीज मिळाली तरी परिणाम हाच होतो, कारण एकाचा दांडा बाहेरच राहतो. घरघर ऐकू आली तर गाभ्याच्या तोंडावरील तांब्याचे कडे तुटले आहे किंवा मध्ये कचरा आहे असे समजावे. रोध मोजता तो अनंत आला तर तार तुटली. फारच थोडा आला तर वेढे आपापसांत जुळले. रोध बरोबर असून झडप ओढत नसेल तर मीटर वेटोळ्याच्या टोकांवर, वीज चालू असताना, लावावा. लांब व बारीक तारेत २४ पैकी चार-पाच व्होल्ट वाटेतच हरवलेले सापडतात. बदली निवडताना आतील व्यास व लांबीही तितकीच काटेकोर हवी, कारण सैल बसलेल्या वेटोळ्याची ओढ कमी पडते आणि उष्णताही नळीवाटे बाहेर जात नाही.

बदली न मिळाल्यास वेटोळे पुन्हा गुंडाळून घेण्याची पद्धत होती व अद्याप आहे. जाणता कारागीर जुने वेटोळे सोडविताना वेढे मोजतो आणि तारेची जाडी मापतो. घाईतला कारागीर हाताशी असलेली तार वापरून कप्पी भरेपर्यंत गुंडाळतो. तार जाड असली तर वेढे कमी बसतात, प्रवाह चढतो; बारीक असली तर ओढ घटते. दोन्ही प्रकारांत मूळ पट्टी मात्र वर तशीच चिकटविली जाते. म्हणजे दस्तऐवजावर शिक्का खरा, मजकूर बनावट. मोडी कागदांच्या अभ्यासकांस हा प्रकार अपरिचित नाही. येथे फक्त अक्षर पाहण्याऐवजी ओहममापक लावावा लागतो.

कालांतराने संगणकीय नियंत्रकांबरोबर २४ व्होल्टच्या एकदिश वेटोळ्यांचा प्रसार झाला. लोहमार्गावर प्रवास उलट दिशेने घडला : १,५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह जाऊन २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती आला आणि मुंबईच्या टोकाशी हे रूपांतर २०१५ साली पुरे झाले. जुन्या गाड्यांचे काही भाग संग्रहालयांत ठेवले गेले. कारखान्यांतील ११० व्होल्टची वेटोळी मात्र तांब्याच्या भावाने वजनावर विकली जातात आणि विकण्यापूर्वी त्यांवरची पट्टी सोलून काढतात, कारण पत्र्याचे वजन तांब्यात धरत नाहीत.