शब्दवेध : जॅम

वाहतुकीचा जॅम, पोळीवरचा जॅम आणि वादकांचा जॅम. तिन्हींचे मूळ बहुधा एकच, असे कोशकार मानतात : घट्ट दाबणे, ठासून भरणे या अर्थाचे इंग्रजी क्रियापद. 18व्या शतकाच्या आरंभी ते वापरात दिसते. 1930च्या आसपास अमेरिकी जॅझ वादकांनी त्याला नवा अर्थ दिला : एकत्र बसून, आधी न ठरवता, परस्परांच्या स्वरांवर स्वर चढवत वाजवणे.

1965मध्ये कॅलिफोर्नियात जन्मलेल्या ‘ग्रेटफुल डेड’ या बँडने हाच जॅम रॉकचा प्राण केला. त्यांचे ‘डार्क स्टार’ हे गाणे 1968च्या तबकडीवर तीन मिनिटांच्या आत संपते. 1969च्या ‘लाइव्ह/डेड’वर ते 23 मिनिटे फुलत राहते. जेरी गार्सियाची गिटार एखादी स्वरावली छेडते, फिल लेशचा बेस नुसती साथ न करता तिला उत्तर देतो आणि गाणे अनोळखी वाटेला लागते. दर मैफल निराळी, म्हणून चाहते ध्वनिमुद्रणे करून आपसांत वाटत. 1984पासून बँडने त्यांच्यासाठी प्रेक्षागृहात खास जागाच राखली.

आपल्या ख्यालगायकीत अशा आधी न ठरवलेल्या स्वरविस्तारासाठी ‘उपज’ हा शब्द आहे. संस्कृत ‘उत्पद्यते’, प्राकृत ‘उप्पज्जइ’, मराठी ‘उपजणे’ हे त्याचे कूळ. जॅममध्ये दाटी आहे, उपजेत जन्म. ‘डेड’च्या वादनाला ‘उपज’ हाच शब्द अधिक शोभतो, असे मला वाटते. ‘डार्क स्टार’ची ही दोन्ही रूपे एकापाठोपाठ ऐका, उपज म्हणजे काय, ते कानांनाच कळेल.